भातवाढी

१

ऊर्मीला दूध आणि गोळ्या दिल्या, कामवाल्या बाईच्या हवाली भांडी केली, की मी घराबाहेर पडायची. पश्चिम मांबळमहून स्टेशनचा पूल ओलांडला की टी. नगर. ओलांडला म्हणायचं आपलं. खरं तर साड्यांच्या पिशव्या घेऊन अंगावर येणाऱ्या बायकांशी कुस्ती खेळत पलीकडे पोचायचं. दागिन्यांच्या दुकानांमागच्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, आमची खोली होती. दारावर पाटी नव्हती. पाटी लावली की लोक मोडीची भांडी विकायला येतात, असं श्रीरंजनीचं म्हणणं, आणि त्यात ती चूक नव्हती.

श्रीरंजनी तंजावरकडची मराठी. कॉलेजात इतिहास शिकवते. "राजांचा इतिहास लिहून झाला, मावशी, आतां चूल लिहायची," हे तिचं पहिलं वाक्य आणि शेवटचंही तेच. तिच्या लोकांच्या घरांतल्या विळ्या, अडकित्ते, कॉफीचे फिल्टर, पाळण्याच्या कड्या गोळा करायच्या आणि त्यांच्यावरून माणसं कशी जगली ते लिहायचं. मी कुठली, तर वाईची. हे बँकेत होते, बदलीनं इथं आलो. हे गेले, आणि मी ऊर्मीच्या शिक्षणापायी, मग तिच्या लग्नापायी इथंच राहिले. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही, तमिळ माझं बाजारापुरतं. पण मराठी चोख, आणि डोळा तिखट. तेवढ्यावर तिनं मला ठेवून घेतलं.

कामाचा नियम साधा होता. आधी देणाऱ्याचं वाक्य, मग वस्तूचं म्हणणं, मग आपलं. वस्तूचं म्हणणं म्हणजे झीज. लाटणं कुठल्या बाजूनं झिजलंय त्यावरून बाई डावखुरी होती का कळतं. विळीच्या पाटावरून ती कुठला पाय दुमडून बसायची ते कळतं. वस्तू दणकट असेल तर काही दिवस घरी नेऊन वापरायची, म्हणजे हात आपोआप कुठं वळतो ते समजतं. माणूस थापा मारतं. झीज मारत नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. शहाणपणा मिरवायची हौस मला पहिल्यापासूनच.

तुळजाजीराव आले ते एका दमट सकाळी. म्हातारा काठीसारखा वाळलेला, धोतर स्वच्छ, काखेत टॉवेलची गुंडाळी. ती त्यांनी टेबलावर ठेवली पण हात काही वर उचलला नाही.

"इथें लेंकरं येत नाहींत न, अम्मा?"

"इथं कोण मरायला येतंय? आम्ही दोघी आणि झुरळं."

"सरी, बरं," म्हणाले, आणि मग टॉवेल उलगडला. आत पितळेची भातवाढी. जुनी, रुंद पात्याची, मध्ये खोलगट, आपल्या आजीच्या चुलीपाशी असायची तशीच.

"हीनं आमच्या घरांत तीन लेंकरं वाढवलीं, अम्मा. माझीं भावंडं. मी धाकटा. आतां माझ्याच्यानं ठेववत नाही." मग त्यांनी ती स्वतःच्या हातानं पालथी घातली. "अशी पालथीच असूं द्या. उताणी नको."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. कारण घरी माझी पोर सातव्या महिन्यात होती, आणि डॉक्टरीणबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघून आदल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "वळर्ची कम्मिया इरुक्कु." वाढ कमी आहे. तेवढं तमिळ मला कळतं. सात वर्षं लग्नाला, दोनदा हातातोंडाशी आलेलं गेलेलं, आणि आता हे. देवळातले दगड झिजवले मी त्या पोरीसाठी. आणि इथं हे म्हातारबाबा सांगत होते की एका भातवाढीनं तीन पोरं वाढवली.

मी कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: या भातवाढीने घरातली तीन मुले लहानाची मोठी केली.

"मावशी, असं कुठें म्हटलं त्यांनी?" ते गेल्यावर श्रीरंजनी म्हणाली. "त्यांचं वाक्य तसंच ठेवा न."

"अर्थ तोच आहे."

"अर्थ मागून. आधी वाक्य. तुम्ही सगळ्यांचं वाई करून टाकता."

"वाई केलं म्हणून वाचता तरी येतं," मी म्हटलं. ती हसली आणि कॉफी आणायला गेली. तिचं ऐकायला हवं होतं.

२

दुपारी खिडकीशी बसून मी झीज बघायला घेतली.

भातवाढी उजव्या हातानं वापरली की पात्याची डावी कड झिजते. पातेल्याच्या तळाला घासून घासून ती तिरपी होते. ह्या भातवाढीची कड शाबूत होती. कुठल्या पातेल्याला कधी लागलीच नसावी इतकी धारदार. मूठही नवी वाटत होती. झिजला होता तो आतला खोलगट भाग. बोटानं दाबला तर लवत होता, इतका पातळ. आणि तिथं ओरखडा म्हणून नव्हता. भांड्याला भांडं लागलं की ओरखडे उठतात. गुळगुळीतपणा येतो तो कातडीनं. मूठ तळहातानं होते तसा. इथं तो आत होता, भात असतो तिथं.

"चाटून," श्रीरंजनी म्हणाली आणि नाक मुरडलं.

"इतकी? पितळ झिजेपर्यंत?"

"मग चिंचेनं घासली असेल. आमच्या बायकांना घासायचं वेड, मावशी."

पटलं मला. चिंच आणि राख, वर्षानुवर्षं. मी तसं लिहिलं, भातवाढी टेबलावर पालथी ठेवली, दिवा घालवला आणि आम्ही कुलूप लावून निघालो.

दुसऱ्या दिवशी कुलूप मीच काढलं. भातवाढी उताणी होती. आणि टेबलाच्या कडेनं पाण्याची तीन वर्तुळं उमटली होती, बशीएवढी, एका रांगेत, नीट अंतर सोडून.

"कॉफीचे पेले ठेवलेस का गं इथं? आणि भातवाढी कुणी उलटी केली?"

"कॉफी आपण दोघीच प्यालों न," श्रीरंजनी म्हणाली. मग तीच म्हणाली, "छत गळत असेल."

वर तिसरा मजला आहे, छत गळणार कसं, हे मी बोलले नाही. पेल्याचं बूड एवढं मोठं नसतं हेही बोलले नाही. रांगेतली ती वर्तुळं मी कुठंतरी पाहिलेली होती, रोजच्या पाहण्यातली, पण आठवेना. ओल्या फडक्यानं टेबल पुसलं आणि कामाला लागले. सकाळच्या पारी असल्या गोष्टींचा विचार करणाऱ्यातली मी नव्हे.

३

ऊर्मीचा नवरा कौशिक इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं. पाळ्या अशा की रविवारी तेवढं तोंड दिसायचं. म्हणून पोर माझ्याकडेच होती, आणि माझ्याकडे असून उपाशी होती. ताट पुढं केलं की मान फिरवायची. "पसिक्कलै, आई." चेन्नईत वाढलेली पोरगी, भूक नसली की तमिळ, राग आला की इंग्रजी, लाड करून घ्यायचे असले की मराठी.

त्या संध्याकाळी मी शिकेकाईची पिशवी शोधत होते, तर बाथरूममधून आवाज आला.

"आई, बांगडी फुटली."

डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या. मी धावतच गेले.

"लागलं का कुठं? नाही ना? आणि फुटली म्हणू नये गं. वाढली म्हणावं."

"व्हॉट? फुटली तर फुटली न. वाढली म्हणजे एक्स्ट्रा झाली असं वाटतं."

"तेच वाटायला हवं. भरल्या घरात काही फुटत नाही, काही संपत नाही. बांगडी वाढते, नारळ वाढवतात, डब्यातले तांदूळ संपले तर उदंड झाले म्हणतात. वाईट बोलून दाखवू नये. त्याला कान असतात."

"कोणाला?"

"वाईटाला. आता बोल नीट."

"बांगडी वाढली," ऊर्मी म्हणाली आणि जीभ काढून दाखवली. मग तिचा चेहरा पडला. पोटावर हात ठेवून म्हणाली, "आई, हे कधी वाढणार गं?"

रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं, आणि त्याच्या मागोमाग तुळजाजीरावांचं. हीनं तीन लेंकरं वाढवलीं. मी काही अडाणी नाही. पितळेत गुण नसतो हे मला ठाऊक आहे. पण ज्याचं जळतं त्याला कळतं. आणि वस्तू घरी नेऊन वापरायचा आमचा रिवाजच होता. श्रीरंजनीनं स्वतः एक फिल्टर महिनाभर वापरला होता. दुसऱ्या दिवशी मी भातवाढी पिशवीत घालून घरी आणली. ती म्हणाली, "वापरून सांगा मावशी, हात कसा वळतो ते."

मऊ भात, वरून तूप, मेतकूट. भातवाढीनं ऊर्मीच्या ताटात वाढला. तिनं एक घास घेतला, मग दुसरा. मग मान खाली घालून सगळा संपवला आणि ताट पुढं केलं.

"वाढ," म्हणाली.

मला आनंदानं रडू यायचं तेवढं बाकी होतं.

४

मग पोर जेवायलाच लागली. सकाळी, दुपारी, मधल्या वेळी. मात्र त्या भातवाढीनंच. एकदा मी सवयीनं स्टीलचा डाव घेतला, तर ताटातला भात तसाच पडून राहिला.

कुकर रिकामे व्हायला लागले. तांदळाचा डबा उदंड व्हायला लागला. शेजारच्या धनलक्ष्मी मामीला मी कौतुकानं सांगितलं, त्यांनीही "नल्लदु, नल्लदु" म्हणत छान छान केलं. पण एका दुपारी ऊर्मीच्या केसांना तेल लावताना माझ्या लक्षात आलं, की तिची मान माझ्या एका मुठीत मावतेय. उरलेल्या बांगड्या मनगटावरून घसरून कोपरापाशी जात होत्या.

"इतकं खातेस, अंगाला का लागत नाही गं?"

"मी कुठं इतकं खाते? तू वाढतेस त्यातलं अर्धं मला मिळतच नाही," ती झोपाळू आवाजात म्हणाली.

बाळाला लागत असेल, मी मनाशी म्हटलं. आईचं झडतं आणि पोराचं भरतं. असंच असतं.

दुपारी मी आडवी झाले की स्वयंपाकघरातून आवाज यायचा. भातवाढी पातेल्याला घासावी तसा नव्हे. त्याहून मऊ. एकसारखा. मी उठून जायची तोवर बंद. भातवाढी ओट्यावर मी पालथी ठेवलेली असायची आणि उताणी सापडायची. पुसलेली, कोरडी नव्हे, ओलसर. ऊर्मी आतल्या खोलीत घोरत असायची. मी बोटानं पातं दाबून बघितलं. पूर्वीपेक्षा जास्त लवलं. माझ्याच बोटात जोर आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि सांगताना मलाच कसंतरी झालं.

मग ते एक जेवण. ऊर्मी टेबलाशी बसलेली, मी तिच्याकडे पाठ करून गॅसपाशी. मागून आवाज आला.

"वाढ."

मी भात घेऊन वळले. ऊर्मीचा तोबरा भरलेला होता. दोन्ही गाल फुगलेले. असल्या तोंडानं शब्द बाहेर पडणं शक्य नव्हतं.

"तू बोललीस?"

तिनं मान हलवली. घास गिळून म्हणाली, "मला वाटलं तूच पुटपुटतेयस."

आवाज टेबलाच्या उंचीवरून आलाच नव्हता. माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून आला होता. मी भातवाढी हातात धरून उभीच राहिले. मग सुचलं आणि हसूच आलं. खालच्या मजल्यावरची बाई दिवसभर पोराला हाका मारते, "वाडा! इंगे वाडा!" तमिळमध्ये ये रे म्हणायचं तर वाडा. मोरीच्या पाइपातून आवाज वर येतो. एवढंच. ऊर्मीलाही सांगितलं, तीही हसली. मी भात वाढला.

संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेले. त्या बाईच्या दाराला कुलूप होतं. कुलपावर कोळ्यानं जाळं धरलेलं. सुट्टी लागली तशी पोराला घेऊन गावी गेली होती म्हणे.

वर आले. स्वयंपाकघराच्या फरशीवर, ऊर्मीच्या खुर्चीला लागून, पाण्याची तीन वर्तुळं होती. बशीएवढी, रांगेत. मी फडकं घेऊन वाकले आणि वाकल्यावर ओळखलं. माझे सासरे पंगतीत बसायचे तेव्हा जेवणाआधी ताटाभोवती पाणी फिरवायचे. ताट उचललं की मागं हेच उरायचं. फक्त ही ताटं फार लहान होती.

पुसून काढली मी ती. पुसता पुसता ठरवलं की भातवाढी परत नेऊन द्यायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ऊर्मीनं उठल्या उठल्या विचारलं, "भात आहे?" आणि माझा धीर झाला नाही. सोनोग्राफी आली होती जवळ. तेवढी होऊ दे, मी म्हटलं. वाढ चांगली दिसली की मग देऊ. पोटची पोर जेवत असताना तिच्या पुढची भातवाढी काढून घ्यायला कुठल्या आईचा हात धजतो?

५

सोनोग्राफीच्या आदल्या दिवशी श्रीरंजनीनं मला बोलावून घेतलं. कार्ड अर्धवट होतं. "त्या तीन भावंडांचीं नांवं विचारून घ्या न, मावशी. आणि आतां कोठें असतात तें."

मी तिथूनच तुळजाजीरावांना फोन लावला. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी म्हटलं, "तुमची ती तीन भावंडं. नावं सांगता का? आणि सध्या कुठं असतात?"

"सध्यां म्हणजे?"

"म्हणजे गाव कुठलं, मुलंबाळं काय. लिहायचंय."

पलीकडे पंखा फिरत होता, त्याची कुरकुर मला ऐकू येत होती.

"अम्मा, मी तुम्हांस सांगितलों न. वाढवलीं म्हणून."

"हो, तेच. हिनं भरवून मोठी केली ना?"

"मोठीं? अय्यो. मोठीं कोठें झालीं तीं."

कार्डावर टेकवलेलं पेन मी उचललं.

"तुमच्या घरांत बांगडी फुटली तर काय म्हणतां, अम्मा?"

"वाढली म्हणतो," मी म्हटलं.

"नारळ फोडतां तेव्हां? घरांत भरल्या तोंडानं लेंकरूं मेलें म्हणून आई कसं बोलेल? आमच्या आईनं तो शब्द कधीं काढला नाही. थोरला वाढला, म्हणायची. मग मधली वाढली, मग तिच्या पाठची. जेवायचीं, अम्मा. अशीं जेवायचीं कीं पाहणाऱ्याला वाटावं आतां बाळसं धरतील. मला मामानं कुंभकोणास नेलं, म्हणून मी उरलों." मग त्यांनी विचारलं, "ती पालथी आहे न, अम्मा?"

मी फोन ठेवला. श्रीरंजनी माझ्याकडे बघत होती. "काय झालं, मावशी?" मी तिला ढकलूनच दारापाशी गेले आणि जिन्यातून ऊर्मीला फोन लावला.

तिनं उचलला. मागं तो आवाज होता. मऊ, एकसारखा.

"ऊर्मी, काय करतेस?"

"जेवतेय."

"आत्ताच्या आत्ता ताटावरून ऊठ. ती भातवाढी पालथी घाल आणि धनलक्ष्मी मामीकडे जा. ऐकतेस का?"

"आई, असं काय करतेस?" तिचा आवाज दुरून आल्यासारखा, शहाण्या मुलीचा. "पंगतीतून मध्येच उठू नये, तूच सांगतेस न? त्यांचं झालं नाही अजून."

"कुणाचं? ऊर्मी, कुणाचं झालं नाही?"

फोन चालू होता. चावण्याचा आवाज येत होता, आणि तो एका तोंडाचा नव्हता.

६

ऑटोवाला स्टेशनला वळसा घालायला लागेल म्हणाला, म्हणून मी पुलावरूनच पळाले. साठीला आलेली बाई मी, चपला हातात घेऊन पळाले. धनलक्ष्मी मामींना फोन केला तर त्या देवळात. कौशिकचा फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये. पुलावर तीच गर्दी, त्याच पिशव्या, आणि मी ओरडत होते, "वळी विडुंगो, वळी विडुंगो." वाट द्या, वाट द्या. लोक वाट देत होते, वेड्याला देतात तशी. देवा, मी चुकले, माझं ऐकण्यात चुकलं, तिचा काय दोष, एवढंच मी मनात घोकत होते. दुसरं काही आठवत नव्हतं. एकही स्तोत्र आठवलं नाही.

जिना चढताना खालच्या दाराचं कुलूप तसंच दिसलं. आमचं दार नुसतं लोटलेलं होतं.

घरात आवाज नव्हता. पंखासुद्धा बंद. "ऊर्मी," मी हाक मारली, हळू, का कोण जाणे हळू.

ती स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसली होती. पोटामुळं कितीतरी दिवस तिला खाली बसता येत नव्हतं. समोर कुकर, आत एक शीतही नाही, तळ लख्ख. भातवाढी कुकरमध्ये उताणी. तिच्या खोलगट भागाला आता भोक पडलं होतं; कडा कागदासारख्या पातळ. मी उंबऱ्यात पाय ठेवला तेव्हा सिलिंडरच्या मागं काहीतरी ओलं, लहान, भर्रकन सरकलं. बोटं होती असं मला वाटलं. मी शपथेवर सांगणार नाही.

फरशीवर पाण्याची वर्तुळं होती. तीन सुकत आली होती. त्यांच्या रांगेत शेवटी, ऊर्मीच्या मांडीला लागून, चौथं होतं. सगळ्यांत लहान. त्यातलं पाणी अजून पसरत होतं.

तिची मनगटं मोकळी होती. हिरव्या काचा तिनं एकेक वेचून ताटाच्या कडेला, मीठ वाढतात त्या जागी, नीट गोळा करून ठेवल्या होत्या. दोन्ही हात पोटावर. साडीच्या निऱ्यांकडे माझी नजर गेली आणि मी ती तिथून काढून घेतली.

"ऊर्मी, बाळा."

तिनं वर बघितलं. रडत नव्हती. कपाळाला आठी घालून काहीतरी आठवत होती. लहानपणी पाढे म्हणताना अडली की अशीच आठवायची, आणि चुकायचं नाही म्हणून ओठ आधी मनातल्या मनात हलवायची.

"फुटलं म्हणायचं नसतं न, आई?" ती म्हणाली. "संपलं पण नाही."

मी तिच्याशेजारी खाली बसले. तिचा हात हातात घेतला. बर्फासारखा गार होता.

"वाढलं गं, आई," ऊर्मी म्हणाली. "वाढलं."